पाहिल्याशिवाय सही नाही

कोर्टाच्या मुद्देमाल खोलीचा चार्ज घ्यायचा तर आधी हमीपत्र लिहून द्यावं लागे. आतली टाचणी हरवली तरी कारकून जबाबदार, आणि त्याच्यामागे त्याचा जामीन. नव्या कारकूनबाईला जामीन राहिला होता तिचा थोरला भाऊ. घराचे कागद त्याने मुकाट्याने पुढे केले; वहिनी मात्र आठ दिवस धड बोलली नाही.

आणि आता निवृत्त होणारे भाऊसाहेब चारशे नगांची यादी सरकवून म्हणत होते, "करा सही. चहा गार होतोय."

"आधी कपाट उघडा."

"लाखेची सीलं शाबूत आहेत, मॅडम. आजवर सीलं बघूनच चार्ज घेतलाय सगळ्यांनी. आत कोण बघतं?"

"मी बघते."

आजूबाजूच्या टेबलांवर खसखस पिकली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हसणाऱ्यांपैकी एकाचंही घर त्या कागदाला टांगलेलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी आवाज चढवला. "साहेबांना सांगू का?"

"मीच सांगितलंय सकाळी. ही बघा त्यांची लेखी परवानगी, सीलं उघडायची."

"अहो, पाच वाजता मी मोकळा होणार. तुम्ही उद्या बघत बसा सावकाश."

"माझी सही होईपर्यंत तुमचं हमीपत्र सुटत नाही, भाऊसाहेब. तुम्हाला जामीन कोण आहे?"

त्यांचा चेहरा उतरला. "जावई," ते म्हणाले, आणि किल्ल्या टेबलावर आल्या.

पहिल्या पाकिटात सुरी निघाली, दुसऱ्यात पितळी कुलूप. यादीबरहुकूम. तिसऱ्यात सोन्याचं घड्याळ असायला हवं होतं. कापसातून घरंगळला तो नदीतला गुळगुळीत गोटा. खोलीतलं हसू जागच्या जागी थांबलं.

"मी नाही हो," भाऊसाहेब कसेबसे म्हणाले. "अकरा वर्षांपूर्वी मीही न बघताच सही केली होती."

तिचा त्यांच्यावर विश्वास बसला. त्यांची कीवही आली, आणि त्याहून जास्त राग आला. तिने यादीत लिहिलं : नग तीन, घड्याळ नाही, गोटा एक. कागद त्यांच्याकडे फिरवला.

"इथे तुमची सही."

"जावयाला काय सांगू मी, बाई?"

"माझ्या दादाला मला जे सांगावं लागलं असतं तेच. न बघता सही केली म्हणून."

भाऊसाहेबांनी सही केली. तिने चौथं पाकीट उचललं. अजून तीनशे सत्त्याण्णव बाकी होती.