एका हाताच्या बांगड्या

कासारणीनं मांडवात टोपली उघडली, हिरव्या बांगड्या मांडल्या, कलाबाईचा उजवा हात हातात घेतला आणि थांबली. मनगटावर पांढरी चिकटपट्टी होती. पट्टीखाली शिरेत सुई, वर तिचं टोपण.

"हे काढा न वो बाई. बांगडी सरकत नाई इथून."

"थे निघत नाई," कलाबाई म्हणाली. "डावा घे."

मांडवातल्या बाया कुजबुजू लागल्या. उद्या कलाबाईच्या चंचलसाठी पांढुर्ण्याहून वरात येणार, आणि नवरीची माय एक हात रिकामा ठेवणार. नवरा जिता असताना!

छायाबाई, कलाबाईची मोठी नणंद, पाटावरून उठलीच. "कला, शोभते का हे? ताप उतरला न तुया? मंग कायले मिरवून राहिली थे सुई?"

ताप उतरला होता, हे खरं. खोट तिथेच आहे. आपल्याकडे ताप उतरला की माणूस बरा झाला. उरलेल्या गोळ्या फळीवरच्या डब्यात. मग त्याच गोळ्या कोणाच्या दाढेला, कोणाच्या हगवणीला. कलाबाईच्या घरात हेच चालायचं, आणि रामाकोना गावात असं घर शोधून दाखवा जिथे चालत नाही.

कलाबाईला लघवीची जळजळ काही नवी नव्हती. कापूस वेचायला गेलं की बाईनं बसायचं कुठे? गडीमाणूस शेताच्या धुऱ्यावर कुठेही उभा राहतो. बाई सकाळपासून पाणीच पीत नाही. जळजळ वाढली की बाजारातला सुई टोचणारा 'भारी डोस' मारायचा, रंगीत गोळ्या द्यायचा. दोन दिवसांत थांबायची. कलाबाई गोळ्या ठेवून द्यायची आणि पुन्हा वेचायला जायची.

या वेळी थांबली नाही. हुडहुडी भरली, कंबर धरली, उलट्या झाल्या. सौंसरच्या डॉक्टरीणबाईनं लघवी तपासायला पाठवली. जंतू वाढवून त्याच्यावर एकेक औषध घालून पाहिलं. मग तिनं कलाबाईलाच समोर बसवलं, नवऱ्याला नाही.

"रंग लावून पाहिला की हा जंतू गुलाबी दिसतो. याच्या अंगावर वरून आणखी एक साल असते, औषध सहजी आत शिरत नाही. शिरलंच, तर ते तोडायचं हत्यार यानं तयार ठेवलंय. पोटातून घ्यायच्या गोळ्या याला आता चालत नाहीत. शिरेतून द्यायचं औषध आहे, तेही मोजकंच उरलंय. रोज एक, दहा दिवस. मधेच सोडलं आणि हा पुन्हा उठला, तर माझ्या हातात द्यायला काही राहील याची खात्री नाही. किडनी जाईल, कदाचित तुम्हीही."

रोज दवाखान्यात जाऊन औषध घ्यायचं, सुई हातातच ठेवून घरी यायचं. पहिल्या सुईची जागा सुजली म्हणून ती काढावी लागली. दुसरीसाठी नर्सनं डावा हात टोचून टोचून काळानिळा केला, तेव्हा कुठे उजव्यात ही शीर लागली. ही काढली तर पुढची लागेलच असं कोणी सांगत नव्हतं.

छायाबाईनं गजेंद्रला हाक मारली. बायकोला समजवायला नवरा लागतोच.

"चंचलची माय, काढून टाक," गजेंद्र म्हणाला. "लग्न होऊ दे, मंग पुन्हा लावू."

"गुलाबी बोंडअळीवर अर्धा पंप मारून घरी येता का तुमी?"

"आता अळी कुठून आली मधात?"

"अर्ध्या औषधातून जे अळी वाचली, थिनंच पुढचं बोंड खाल्लं न? तुमीच वरडत होते धुऱ्यावर."

"माणसात अन् कपाशीच्या पऱ्हाटीत फरक असते."

"असते न. पऱ्हाटी उपटून दुसरी लावता येते."

एक बाई फिस्सकन हसली. गजेंद्र मंडपवाल्यावर उगाचच ओरडायला निघून गेला.

"विहीणबाईनं पुसलं तर काय सांगशीन?" छायाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

"लघवीत जंतू झाला म्हणून सांगीन."

"हळू बोल!"

"काऊन? मुतत नाई का पांढुर्ण्याच्या बाया?"

कासारणीनं टोपली दुसऱ्या बाजूला सरकवली. डाव्या काळ्यानिळ्या हातात एकेक बांगडी चढवत गेली. कलाबाईनं दात आवळले, हात मागे घेतला नाही. कोपरापर्यंत हिरवं झालं.

"दोन्ही हाताच्या एकात भरल्या," कासारीण उठता उठता सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "कमी नाई घातल्या."

लग्नाच्या सकाळी कलाबाई नव्या लुगड्यात सौंसरच्या बसची वाट पाहत सडकेवर उभी होती. गजेंद्रनं फटफटी आणून समोर लावली. तोंड फुगलेलंच. "बस मागं. वरात यायच्या आत वापस येनं आहे."

विहीणभेटीत विहीणबाईची नजर नेमकी उजव्या मनगटावर गेली. छायाबाई मध्ये पडली, "थे काही नाई वो, पडली होती जराशी."

"पडलीबिडली नाई," कलाबाई म्हणाली. "लघवीत जंतू आहे, हट्टी. सुई अजून तीन दिवस राहीन."

विहीणबाईनं हळदीकुंकू लावलं. लगेच पुढच्या बाईकडे वळली. छायाबाईचा चेहरा पडला. जेवणाच्या पंगती बसल्यावर मात्र विहीणबाईनं कलाबाईला कूलरच्या आडोशाला ओढलं.

"जळजळ होते काय वो? घडीघडी जावं लागते?" मग आणखी हळू, "मलेही होते. दुकानातून गोळ्या आणतो. थांबलं का ठेवून देतो." तिनं पर्स उघडली. आत गोळ्यांची अर्धी पट्टी होती.

"ह्या अशाच गिळू नका, विहीणबाई. पहिले लघवी तपासा."

"हळू वो, पाव्हणे हायेत!"

"पाव्हण्यायले किडन्या नाईत का?" कलाबाईनं आवाज तसूभर खाली आणला नाही. "उद्या सकाळी मी सौंसरच्या दवाखान्यात आहो. या तुमी. पायरीवर बसून राहतो तुमच्यासाठी."

विहीणबाईनं पर्स बंद केली. "घरी काय सांगू? एकटी कशी येऊ?"

"चंचलले घेऊन या."

"नव्या नवरीले? उद्या देवदर्शन आहे!"

"देव कुठं जाते? संध्याकाळी करा दर्शन," कलाबाई म्हणाली. "अन् काय बिमारी आहे, थे चंचलले आजच सांगा. तुमाले, तिच्या सासूलेच, लाज वाटली, तर थे पोरगीही पाणी न पिता कापूस वेचीन."