हिरड्याच्या चवीची वाइन

रघुनंदनसाठी मी तीन बाटल्या निवडल्या. तिसरी चांगली निघाली आणि तिनंच घात केला.

आम्ही रंगारी. बंगळुरात, शिवाजीनगरात एकेचाळीस वर्षं मी साड्यांना, पडद्यांना रंग चढवला. मुलगा रघुनंदन शिकला, महादेवपुऱ्यातल्या कंपनीत लागला आणि तिथल्या पार्ट्यांत प्यायला लागला. आधी नुसती रेड वाइन, मग मिळेल ते. बेचाळिसाव्या वर्षी त्याचं यकृत गेलं. दुसऱ्याचं बसवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याची यादी असते. यादीत नाव चढायचं तर सहा महिने दारूचा थेंब नाही आणि दर महिन्याला लघवीची तपासणी. सून स्मृती स्वतःचं द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळेना. माझं वय उलटून गेलेलं. यादी सोडून दुसरा रस्ता नव्हता.

तीन महिने त्यानं नेटानं काढले. पण कुणी जेवायला बोलावलं की पोट दुखतं म्हणून घरीच बसायचा. लग्नाचा वाढदिवस आला. कुणाला बोलवायचं, असं स्मृतीनं विचारलं तर म्हणाला, "कशाला? माझ्या हातातला पाण्याचा ग्लास बघायला?"

जे. पी. नगरात आमच्या घरामागच्या मोठ्या दुकानात दारू नसलेल्या वाइनचं एक कपाट आहे. अनुषा नावाची बाई ते सांभाळते. मी अक्षरं शिकलो तीच साठीनंतर, नात संहिता हिच्या पुस्तकावर. एकेक लेबल वाचायला वेळ लागत होता. शेवटी तीच जवळ आली.

"अज्जा, कशासाठी पाहिजे? केकबरोबर, जेवणाबरोबर, का पार्टीला?"

"वेगवेगळी लागते काय?"

"मग! लग्नाला आणि भाजीबाजाराला एकच साडी नेसतात काय?"

केकबरोबर तिनं गोड, हलकी दिली. रघुनंदननं घोट घेतला. "अप्पा, हे द्राक्षाचं सरबत. ताप आलेल्या पोराला पाजतात." पण म्हणताना हसला. किती दिवसांनी हसला होता. त्या दिवशी घरात सहा पाहुणे होते आणि तो त्यांच्यात बसला.

दुसरी बाटली कंपनीतल्या मित्राच्या निरोपाच्या पार्टीची. तिथं ग्लासात ती इतरांसारखी दिसायला हवी होती. मी दोन बाटल्या आणून पांढऱ्या चिंध्या बुडवल्या आणि खिडकीत वाळवल्या. एक जांभळी पडली, पोरांच्या शाईसारखी. दुसरीचा डाग कडेला गडद राहिला, मध्ये लाल. तीच त्याला दिली. घरी आल्यावर म्हणाला, "रंगीत पाणी आहे. पण कुणी विचारलं नाही, अप्पा. शेवटपर्यंत बसलो."

केकची आणि निरोपाची, दोन्हींच्या लेबलावर शून्य लिहिलं होतं. मी बोट ठेवून वाचलं होतं.

मग संहितेचा दहावा वाढदिवस आला. रविवार, घरात मटण. सहावा महिना चालू होता, सोमवारी शेवटची तपासणी, पुढच्या आठवड्यात नाव यादीत. रघुनंदन आपणहून म्हणाला, "रश्श्यापुढं टिकेल अशी बघा की, अप्पा. जिभेला धरणारी."

जिभेला धरणं मला कळतं. कपड्यावर रंग पक्का बसावा म्हणून आम्ही कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायचो. ते पाणी चुकून ओठाला लागलं तर तोंड आखडून जातं. अनुषाला तसं सांगितलं तर तिनं वरच्या फळीवरची काढली.

"ते तुरटपण यातच मिळेल, अज्जा. त्या शून्यवाल्या रसाच्या असतात. ही आधी खरी वाइन करतात, मग तिच्यातली दारू काढून घेतात. प्यायच्या आधी स्वल्प गार करा."

लेबलावर ०.५ पेक्षा कमी असं होतं. मी दोनदा वाचलं.

"हे काय?"

"अर्धा टक्का. काही नाही हो. पिकल्या केळ्यात पण असतं."

मी बाटली हातात धरून उभा राहिलो. थेंब नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. आणि एक गंजका खिळा पडला तर लाल रंगाचं अख्खं भांडं काळवंडतं, यावरून मी जन्मभर कामगारांना शिव्या दिल्या होत्या. मला कळत नव्हतं असं नाही. पण त्यानं तोंड उघडून काही मागितलं होतं. मी ती घेतली.

घरी स्मृतीनं विचारलं, "मामा, यात काही नाही ना?"

"शून्य," मी म्हणालो.

पहिल्या घोटाला रघुनंदननं डोळे मिटले. "अप्पा, ही वाइन आहे." दोन वेळा भात घेतला, नळी फोडून खाल्ली, संहितेला जुन्या गोष्टी सांगितल्या. बाटली त्यानं एकट्यानं संपवली. मी समोर बसून बघत होतो, आणि खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं.

शुक्रवारी स्मृती तपासणीचा कागद घेऊन आली. तो तिनं टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

"सापडली."

रघुनंदननं संहितेची शपथ घेतली. स्मृती म्हणाली, "पोरीला मध्ये आणू नका."

मग मी सांगितलं. अर्धा टक्का, लेबल, सगळं.

"शून्य म्हणाला होता तुम्ही."

"चुकलो, बाई."

"कधी चुकला, मामा? तेव्हा खोटं बोलला, का आता बोलताय?" तिचा आवाज चढला नाही. "ते प्यायचे तेव्हा त्यांची उलटी पित्ताची, तुम्ही म्हणाला. गाडीतली बाटली ड्रायव्हरची, ते पण तुम्हीच. मी कुठलं धरू?"

तिन्ही वेळा मी त्याच्यासाठीच बोललो होतो.

रिकामी बाटली पिशवीत घालून मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ती फिरवून बघितली.

"हिच्यानं झालं असेल. होऊ शकतं. पण समिती आकडा बघते, कारण बघत नाही. मोजणी पुन्हा पहिल्यापासून."

"आणखी सहा महिने तो राहील काय?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग विचारलं, "काका, तुम्ही वाचलं नव्हतं का?"

"वाचलं होतं."

रघुनंदननं मला कधी दोष दिला नाही. एकदाच, जेवताना, ताट सरकवून म्हणाला, "अप्पा, माझ्या तेराव्याला कुठली ठेवणार? गोड का तुरट?" आणि स्वतःच हसला. स्मृती उठून आत गेली. मी समोरचा घास तसाच गिळला.

तीन आठवडे झाले. त्याचे पाय सुजले, डोळे हळदीसारखे झाले. काल दवाखान्यात औषधं आणायला गेलो तर यादीचं काम बघणाऱ्या हेमावती जिन्यात भेटल्या. चांगली बाई आहे. माझा हात धरला.

"अण्णा, परवा त्यांच्याच रक्तगटाचं एक यकृत आलं होतं. त्यांचं नाव असतं तर..." आणि जीभ चावली. "सांगायला नको होतं मी."

"सरी, अम्मा, असू दे," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रिक्षानं घरी आलो. रघुनंदन व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता, पाय स्टुलावर.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. गर्दी होती."

स्मृती दारात आली होती. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"खरं सांगताय, मामा?"

"खरं," मी म्हणालो, आणि चपला काढायला पायरीवर बसलो.