साध्या पाण्यातली पिल्लं

माझी नजर अजून शाबूत आहे. पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून माशांची पिल्लं निवडतेय, तांदळातले खडे निवडावेत तशी. तेव्हा मला दिसलं नाही असं कुणी म्हणू नये. दिसलं, आणि मी फेकलं.

आमच्या प्रयोगशाळेत पट्टेरी माशांची अंडी वाढवतात. आतला गर्भ दिवसभराचा झाला की मी तो रंगवते. ठरावीक जनुक जिथे जागं असेल तिथे निळा पट्टा उमटतो. आम्ही आपले त्यांना पिल्लंच म्हणतो. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा जीव त्या जनुकांच्या एका घराण्यात अडकलाय. कोट्यवधी वर्षांपूर्वी एकाच जनुकाच्या नकला होत होत ते वाढलं म्हणे. डोकं कुठे संपायचं, धड कुठे सुरू व्हायचं, हे तेच ठरवतं; माशात, कोंबडीत आणि आपल्यातही. "म्हणजे मासा आपला चुलतभाऊच की," मी एकदा म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. "गर्भात तर सख्खा," म्हणाल्या.

काही डिशमध्ये औषध घालतात, तिथे पट्टा डोक्याकडे सरकतो. शेजारच्या डिशमध्ये साधं पाणी, शुद्धीकरणाच्या यंत्रातलं, चिमूटभर मीठ घातलेलं. तिथे पट्टा जागच्या जागी हवा. शंभरातली चार वाकडी, म्हणजे पट्टा सरकलेली, निघाली तर काढून टाकायची, ही आमची जुनी रीत. अंडीच नासकी असतात, कोण लिहीत बसतं?

गेले चार महिने वाकडी वाढत होती. आधी चार, मग दहा, मग निम्मी. मी बेसिनमध्ये ओतत राहिले. मॅडमना स्वच्छ चित्रं हवी होती आणि मला वेळेवर घरी जायचं होतं.

घरी सून होती. दोनदा कूस रिकामी झालेली पोर. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी देव पाण्यात घालून बसले. आमच्या नळाला गंजकं पाणी येतं, ते तिच्या पोटात नको म्हणून रोज यंत्राचा पाच लिटरचा कॅन भरून घरी न्यायला लागले. मुलगा चिडवायचा, "आई, सून आहे की मासोळी?" "गप रे मेल्या," मी म्हणायचे, आणि मनातून केवढी खूश असायचे!

आठवड्यापूर्वी नवी संशोधक आली. आम्ही तिला शंकाबाई म्हणतो. "साध्या पाण्यातली किती फेकता?" तिने विचारलं. मी फणकारले, "तुझ्या वयाइतकी माझी नोकरी आहे, बाई." तिने दोन डिश लावल्या, एक यंत्राच्या पाण्याची, एक तिथल्या तितक्याच गंजक्या नळाच्या.

आज रंग चढला. मीच पाहिलं. गंजक्या नळाच्या पाण्यातल्या सगळ्यांचा पट्टा जागच्या जागी. यंत्राच्या पाण्यातली शंभरातली सत्तर सरकलेली.

"यंत्राच्या टाकीतच काहीतरी उतरलंय," मॅडम म्हणाल्या. "कधीपासून?"

"चार महिने झाले." मी म्हटलं. "मॅडम, हे पाणी कुणी प्यायलं तर?"

"हे कोण पिणार?" असं म्हणता म्हणता त्यांची नजर खुंटीवरच्या माझ्या कॅनवर गेली. सुनेचं त्यांना ठाऊक होतं. "तिला आजच डॉक्टरांकडे ने. माशात झालं ते माणसात होईलच असं नाही."

"गर्भात सख्खा, तुम्हीच म्हणाला होतात," मी म्हटलं.

घरी आले. सून खिडकीपाशी पाय पसरून बसली होती, एक हात पोटावर, दुसऱ्यात पेला.

"आई, आज कॅन नाही आणलात? हा शेवटचाच पेला हं. तुमच्या पाण्यानेच टिकलंय हो हे."

मी तिच्या हातातून पेला काढून घेतला. बेसिनपाशी जाऊन तिरपा केला, चार महिन्यांच्या सवयीने, आणि थांबले. हे तरी फेकायचं नव्हतं. बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावलं.

"काय झालं?" तिने विचारलं. तिचा हात अजून पोटावरच होता.

"चप्पल घाल," मी म्हटलं. "दवाखान्यात जायचंय. मी काय केलंय ते वाटेत सांगते."