मुठीतली पाच वाक्यं

आधी ऐका ना, चहा नंतर प्या. माझी नोकरी कायम होणार होती ना, ती काल सकाळी अकराला जवळजवळ गेलीच होती.

तुम्हाला ती मूठ माहितीये का? म्हणजे दोन मुठी, दोन्ही हातांत एकेक धरायची. बोटांखाली बटणं, अंगठ्याखाली छोटं चाक. तो जाडजूड चष्मा डोळ्यांवर चढवला की टेबल दिसत नाही, कीबोर्ड दिसत नाही, मग लिहायचं कसं? तर दोन-तीन बटणं एकदम दाबायची, की समोर हवेत अक्षर उमटतं. ऑफिस म्हणजे एकच खोली, पाय ठेवाल तिथे वायर, आणि मी तीन महिने दिवसभर हेच करत होते. ही मूठ बनवणाऱ्या आमच्या इंजिनिअरताईंनी पहिल्या दिवशीच सांगितलेलं, मिनिटाला चाळीस शब्द गाठ, गिऱ्हाईकासमोर करून दाखव, मग तू कायम. नाहीतर तीन महिन्यांनी घरी.

आणि मी त्रेचाळीस गाठले. जेवताना डावा हात मांडीवर टकटक करायचा, दादा म्हणायचा, हिला कुणाला तरी दाखवा.

काल गिऱ्हाईक आलं, एका मोठ्या गोदामाचे मॅनेजर. त्यांची माणसं चष्मा लावून माल तपासतात, आणि बोलून नोंद करावी तर यंत्रांचा एवढा गोंगाट की काही खरं नाही. मी चष्मा घातला, धडाधड लिहिलं, त्रेचाळीस. ताईंनी सोडलेला श्वास मला चष्म्याआडूनही ऐकू आला.

मग मॅनेजर म्हणाले, "आता माझं एक लिहा. तिसऱ्या रॅकवरचा खोका फाटलाय, आतला माल भिजलाय."

मी लिहायला घेतलं आणि समोर उमटलं, 'आज सकाळी खिडकीत ऊन आलं.' पुसलं. परत घेतलं, परत ऊन. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या चाचणीत वाक्यं पाचच होती, तीन महिने तीच पाच. मला लिहिता येतच नव्हतं, बोटांनी नुसती घोकंपट्टी केली होती. आणि आकडा रोज वाढतोय म्हटल्यावर वाक्यं बदलायचं ना मला सुचलं, ना ताईंना.

सात शब्दांना अख्खं मिनिट लागलं. ताई घाईघाईने म्हणाल्या, बॅटरी उतरली असेल. माझ्यासमोर कोपऱ्यात बॅटरीचा हिरवा दिवा मस्त जळत होता. मी चष्मा काढला.

"बॅटरी ठीक आहे, ताई," मी म्हटलं. "माझा वेग त्या पाच वाक्यांपुरताच आहे."

ताई माझ्याकडे अशा बघत होत्या की मी मनातल्या मनात डबा पिशवीत भरला. पण मॅनेजर चिडले नाहीत. त्यांनी स्वतः मुठी धरल्या, दहा मिनिटं खटपट करून 'खोका' एवढंच लिहिलं आणि म्हणाले, तुमच्या बाईंचा आकडा राहू द्या, माझा माणूस पहिल्या दिवशी किती लिहील तो सांगा. दोन आठवड्यांनी येतो.

ते गेल्यावर ताईंनी आधी ती पाचही वाक्यं कॉम्प्युटरवरून पुसून टाकली. मग म्हणाल्या, तुझे हात चाचणीला बाद. रोज नवे हात आण, कधी मूठ न धरलेले, आणि वाक्यंही नवी. दोन आठवड्यांत खरा आकडा दिलास तर कायम.

म्हणून आजचा चहा माझ्याकडून. उद्या दहाला चौघंही या. येताना एकेक वाक्य घेऊन या, काहीही चालेल. फक्त त्यात ऊन नको.