ब्याऐंशी सेंटिमीटर, दहा किलो

मला ठिपक्यांचा राग येतो. पालघरच्या एका कार्यालयात कंत्राटावर बसून मी अंगणवाड्यांतल्या मुलांच्या उंची-वजनाचे आलेख काढते. अकरा हजार मुलं, अकरा हजार ठिपके, एकावर एक बसून नुसता काळा पट्टा. "मॅडम, शाई सांडली काय?" साहेब विचारतात आणि स्वतःच हसतात.

आज चिडून मी तो पट्टा मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी घरांत वाटला. ज्या घरात मुलं जास्त, ते घर गडद. झकास दिसत होतं. शेजारपाजारच्या घरांत बारा-पंधरा मुलं, आणि मधल्याच एका घरात छप्पन्न! त्यातली एकेचाळीस एकाच पाड्याची. सगळ्यांची उंची ब्याऐंशी, वजन दहा. इतके दिवस ती एकाच ठिपक्याखाली दडली होती. इतकी मुलं तंतोतंत सारखी नसतात.

"ते घर फिकं करा," साहेब म्हणाले. "चारला बैठक आहे."

मी मनोरपलीकडच्या त्या पाड्यावर, अंगणवाडी सेविका लाडकीताईंना फोन लावला.

"मॅडम, ती पोरं हितं नायत. दिवाळीनंतर आयबापासंगं वीटभट्टीवर गेली. वजन नाय भरलं तर नावं कापतात. परत आल्यावर त्यांना आहार कोण देल?"

"पण सगळ्यांना दहाच?"

"दहा लिवलं की मोबाइल लाल नाय दाखवत. मग कोण विचारत नाय."

मी ओरडणार होते. पण खरंच कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"काल त्यातली सुकाची पोर परत आली," त्या हळूच म्हणाल्या. "सात किलो भरली. दवाखान्यात ठेवलीय. बाकीची चाळीस कशी हायत, मला नाय ठाव."

"ताई, हे बैठकीत दाखवलं तर तुमचं काम जाईल."

त्यांनी 'नको' म्हणावं असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? माझंही कंत्राट मार्चमध्ये संपतंय.

"भट्ट्या लिवून घ्या," त्या म्हणाल्या. "मिथुन, वाणगावकडची भट्टी. हेतल, तिथंच..."

मी भराभर लिहीत होते. पावणेचार वाजले. एकोणिसाव्या नावाला त्या अडखळल्या.

"स्वरा," त्या म्हणाल्या.

"कुठली भट्टी, ताई?"

"ती माजी नात हाय, मॅडम. तिलापन मी दहाच लिवलं."