आठ थेंब

माझी बायको नोलीन गेली त्या मार्चपासून तिच्या टाकीचं सगळं मीच बघत होतो, आणि चांगलं बघत होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मला ते सांगायला तोंड उरणार नाही.

बैठकीच्या खोलीत भिंतीशी सहा फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी. मासे मोजकेच, प्रवाळ भरपूर. मधोमध एक निळं प्रवाळ: सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या, टोकं जांभळट, परातीएवढा पसारा. पंधरा वर्षांपूर्वी अंगठ्याएवढा तुकडा होता तो. नोलीनला दिला होता मर्वने. मर्व म्हणजे रेल्वेच्या वर्कशॉपात माझ्याबरोबर तीस वर्षं काढलेला माणूस, राहायला दोन गल्ल्या सोडून.

ऑस्ट्रेलियाच्या उष्ण उत्तरेतल्या आम्हा टाऊन्सव्हिलच्या टाकीवाल्यांची एक रीत आहे. चांगलं प्रवाळ हाती असलं की त्याची फांदी मोडून दुसऱ्या कुणाच्या टाकीत ठेवायची. इथे वादळं येतात, तीन-तीन दिवस वीज नसते, टाकीच्या टाकी मरते. मग दुसऱ्याकडची फांदी आणायची आणि पुन्हा सुरुवात करायची. कुणी त्याचे आभारही मानत नाही, इतकं ते ठरलेलं आहे.

मर्वची टाकी अशीच एका वादळात गेली. निळ्याचं मूळ झाड त्याच्याकडेच होतं, तेही गेलं. नोलीन तेव्हा इस्पितळात होती. तिथल्या खाटेवरून तिने मला सांगितलं, "क्लेम, मर्वला एक फांदी नेऊन दे रे. विसरू नकोस."

"देतो गं," मी म्हटलं.

दिली नाही. विसरलोही नाही.

का नाही दिली? पोटदुखी, दुसरं काय. ती दोघं त्या काचेपुढे तासन् तास उभी राहायची. मी त्याच खोलीत फुटबॉलची मॅच बघत बसलेलो. मर्व काहीतरी पुटपुटायचा आणि ती हसायची, माझ्या विनोदांना कधी हसली नाही तशी. त्यांच्यात तसलं काही नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असून जळत होतो. ती गेल्यावर वाटलं, आता निदान हे झाड तरी माझ्या एकट्याचं राहू दे. मे महिन्यात मर्वने एकदा विचारलं. "झाड जरा सावरू दे," मी म्हटलं. त्याने परत विचारलं नाही.

टाकी सांभाळणं सोपं होतं, कारण नोलीनने मला एकच गोष्ट पढवून ठेवली होती. प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षार खाऊन आपली हाडं बांधतं, म्हणून जेवढं खाईल तेवढं रोज परत घालायचं. किती खाल्लं ते कळायला नळीभर पाणी घ्यायचं, त्यात औषधाचा एकेक थेंब सोडायचा. पहिल्या थेंबाला पाणी निळं होतं, ते पिवळं झालं की थांबायचं; जितके जास्त थेंब लागतील तितके पाण्यात क्षार जास्त. "आठ थेंब, क्लेम. सात चालतील, नऊ चालतील. बाकी कशाकडे बघू नकोस." पीएचचं, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतंय का ते दाखवणारं, यंत्र टाकीवर टांगलेलं होतं, पण त्यावर तिने भांडी पुसायचं फडकं टाकून ठेवलं होतं. तो आकडा दिवसभर वरखाली होतो आणि माणसाला वेड लावतो, असं ती म्हणायची.

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या ख्रिसमसला माझी लेक केरिन ब्रिस्बेनहून आली. नवरा, तीन पोरं, सासू-सासरे, दीर, जाऊ, त्यांचं एक बाळ. माझ्यासकट अकरा डोकी, मुक्काम चार दिवस. आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा; बाहेर पाय ठेववत नव्हता असा उकाडा, म्हणून दारं-खिडक्या बंद आणि एसी चालू. ख्रिसमसच्या सकाळी केरिनला ताटं पुसायला फडकं सापडेना. तिने यंत्रावरचं ओढून घेतलं.

आकडा दिसला. सात पूर्णांक सात दशांश. आठच्या वर असायला हवा हे मलाही माहीत होतं.

जेवायला मर्वही होता, केरिनने बोलावलेला. डोक्यावर ख्रिसमसच्या जेवणात दोघांनी ओढून फोडायच्या कागदी फटाक्यातून निघालेला जांभळा मुकुट, पुढ्यात कोळंबीच्या सालांचा ढीग. मी तिसऱ्यांदा यंत्राकडे जाऊन आलो तेव्हा तो म्हणाला, "क्लेम, खिडक्या उघड लेका. अकरा माणसं बंद घरात श्वास सोडतायत. तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतोय, म्हणून आकडा पडलाय. पाण्याला काही झालेलं नाही."

"मर्वकाका, बाहेर पस्तीस डिग्री आहे!" केरिन ओरडली. "माझा पाव्हलोवा केक वितळेल. आणि सासूबाईपण."

सगळे हसले. सासूबाई सगळ्यात जास्त.

"थेंब मोजलेस का?" मर्वने मला हळूच विचारलं.

"मोजले," मी म्हटलं. धादांत खोटं. "आणि तुझी शिकवणी नकोय मला. नोलीन शिकवून गेलीय."

तो मान खाली घालून कोळंबी सोलत राहिला. हेच दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, अगदी त्या बाळाने सांगितलं असतं, तरी मी उठून खिडकी उघडली असती. मर्वने सांगितलं म्हणून नाही उघडली.

खायचा सोडा ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये तासभर भाजला की तो जास्त तीव्र होतो आणि पीएच झटकन चढवतो. नोलीन तो कधी तरी, चमच्याने मोजून घालायची. मी वाटीने घातला. आकडा चढला, मी खूश. संध्याकाळी परत उतरला, कारण अकरा माणसं श्वास घेतच होती. परत घातला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर क्रिकेट लागलेलं असताना परत. तिसऱ्या दिवशी पाणी दूध सांडल्यासारखं झालं. तेव्हा कुठे मी नळी काढली आणि थेंब मोजले. आठाला निळंच. दहाला निळंच. चौदाव्याला पिवळं झालं. माझ्या सोड्याने पाण्यातले क्षार जवळपास दुप्पट झाले होते.

पाहुणे अठ्ठावीस तारखेला गेले. तोवर निळ्याचं कातडं बुडापासून सुटायला लागलं होतं, उकडलेल्या बटाट्याची साल सुटते तसं. खाली पांढरी हाडं. पाणी बदललं, सगळं केलं. दोन दिवसांनी परातभर झाडावर बोटभर टोक तेवढं निळं राहिलं. ते कापलं, आइस्क्रीमच्या डब्यात पाण्यात ठेवलं आणि मर्वकडे गेलो. चालत दोन गल्ल्या. एकवीस महिने मला त्या दोन गल्ल्या ओलांडता आल्या नव्हत्या.

मर्वची नवी टाकी मी प्रथमच बघत होतो. प्रवाळांनी गच्च. फक्त मधोमध, दिव्याच्या बरोबर खाली, एक दगड मोकळा. त्यावर शेवाळाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"तिथे काही लावलं नाहीस?" मी विचारलं.

"ती निळ्याची जागा," मर्व म्हणाला. "नोलीनने फोन केला होता इस्पितळातून. क्लेमला सांगितलंय, तो आणून देईल म्हणाली. दर रविवारी दात घासायच्या ब्रशने साफ करतो."

"परत का नाही मागितलीस मला?"

"एकदा विचारलं ना. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर भीक झाली असती, क्लेम."

त्याने डबा उजेडात धरला आणि भिंग लावून खूप वेळ बघितलं. त्याचा हात आधी टाकीकडे गेला. मग थांबला.

"कडेला तपकिरी चिकट थर आलाय, रोग आहे तो. हे आत घातलं तर माझंही सगळं घेऊन जाईल."

"थोडं तरी जगण्यासारखं असेल. बघ ना नीट."

"बघितलं रे." त्याने भिंग खिशात ठेवलं. डबा माझ्या हातात परत देताना त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं होतं तो शिव्या घालेल. घालायला हव्या होत्या.

घरी आलो आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. पीएच तासाभरात जागेवर आला.

बाकीची प्रवाळंही एकामागून एक गेली. मासे तेवढे आहेत. रोज सकाळी मी नळीभर पाणी घेतो, थेंब मोजतो. आठव्याला पिवळं होतं. दीड महिना झाला, मी पाण्यात काहीच घालत नाही, तरी रोज बरोबर आठ. ते खायला आता कुणी उरलेलं नाही.