बिनकाट्याचं

“फेकून द्या बाबा. आत्ताच्या आत्ता, कचऱ्याच्या गाडीत.”

अभिनव बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर बोलत होता. मी फोन मिक्सरला टेकवून ठेवला होता आणि फ्रिजखाली साचलेलं पाणी जुन्या बनियनने पुसत होतो. रात्रीतून फ्रिज बंद पडला होता. माझा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. मोटर झोपली आहे की मेली आहे, एवढं मला हात लावला की कळतं. ही मेली होती.

“कशाला फेकू? पॅकेटमधे अजून बर्फ आहे.”

“पण ते कधीचं आहे?”

“आईनं आणलंय.”

मागून शेफालीचा, म्हणजे सूनबाईचा, आवाज आला. “बाबा, पॅकेटवर एक्स्पायरी डेट बघा ना.”

“बघितली. मुदत आहे अजून.”

“तरी रिस्क नको बाबा. सीफूड आहे ते. पोट बिघडलं तर तिथे कोण आहे तुमच्याकडे बघायला?”

हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकावं लागतं. वारज्यात एवढी माणसं राहतात, पण माझ्याकडे बघायला कोणी नाही, हे बंगळुरूत बसून या दोघांना बरोबर दिसतं.

पॅकेट मी ओट्यावर ठेवलं. त्यावर इंग्रजीत ‘लॉब्स्टर टेल्स’ असं छापलेलं. आत चार शेपट्या. जाड कवचाच्या, तपकिरी, किड्यासारख्या वळ्या असलेल्या. गेल्या वर्षी प्रेमलाने हे पॅकेट आणलं, मटारच्या पिशवीखाली सारलं, आणि त्याच आठवड्यात एका दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. हे काय असतं, कसं करतात, एवढं महागाचं कशासाठी आणलं, काही सांगून गेली नाही. मटार नंतर कोणीतरी संपवले. आइस्क्रीम संपलं. किसलेलं खोबरं पाहुण्यांनी वापरलं. हे एक पॅकेट राहिलं. मी कोणाला हात लावू दिला नाही. ठेवून काय करणार होतो, ते मला विचारू नका. पण तिने या घरात आणलेली ही शेवटची वस्तू. ती कचऱ्याच्या गाडीत जाणार नव्हती.

फ्रिजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “उद्या बघू.” शेजारच्या वेणूबाईंचं दार वाजवलं. एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवता का म्हणून विचारलं.

“काय आहे त्यात?”

“मासे.”

“आमच्या फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध असतं,” एवढं म्हणून त्यांनी दार लावलं. जोरात नाही. पण लावलं.

म्हणजे शिजवायचं ते आजच.

आता यात एक अडचण होती. प्रेमलाच्या माहेरी एक रीत आहे. गेलेल्या माणसाला जे फार आवडायचं, ते घराने वर्षभर सोडायचं. प्रेमला पैनगंगेच्या काठची. मासा म्हटला की तिला दुसरं काही सुचायचं नाही. म्हणून तेराव्याला तिच्या मोठ्या बहिणीने, सुशीलाअक्कांनी, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, वर्ष होईपर्यंत या घरात मासळी शिजणार नाही. मी हो म्हणालो. माझं काय जात होतं? मी मासे खातच नव्हतो. लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून ताटात मासा दिसला की माझा घसा आवळतो. रविवारी प्रेमला स्वतःसाठी मासे करायची आणि माझ्यासाठी बटाट्याची भाजी. वर्षश्राद्धाला अजून दोन आठवडे होते. आणि त्याचंच ठरवायला अक्का आज दुपारी येरवड्याहून यायच्या होत्या. फ्रिजला मरायला हाच दिवस सापडला.

मी शिजवणारच असं कळवल्यावर शेफालीने तीन व्हिडिओ पाठवले. पहिल्यात एक दाढीवाला माणूस ओव्हन आधी गरम करून घ्या म्हणत होता. आमच्याकडे ओव्हन नाही. दुसऱ्या व्हिडिओतली बाई कसली तरी पांढरी वाइन ओतत होती. आमच्याकडे तीही नाही. तिसरा मी उघडलाच नाही. पॅकेटवर दुकानाचा नंबर होता, तो लावला.

“बोला,” पलीकडून आवाज आला. हा रंगराव. मागच्या चौकात त्याचं फ्रोजन मासळीचं दुकान आहे. मी कधी आत गेलो नव्हतो.

“प्रेमलाबाईंचा नवरा बोलतोय. सहकारनगरी सोसायटी.”

“अरे, काकूंचे मिस्टर! काकू कुठे आहेत? पापलेट येऊन गेलं, सुरमई येऊन गेली, काकूंचा पत्ता नाही.”

सांगावं लागलं. वर्षभर सांगतोय, तरी सांगायचा राहिलेला कोणीतरी निघतोच.

“अरेरे,” तो म्हणाला. मी म्हणालो, “ते लॉब्स्टरचं पॅकेट आहे. तुमच्याकडचं.”

“शेवंड? ती अजून आहे? काका, मासळी आहे ती. मुदत ठेव नाही.”

“कशी शिजवायची तेवढं सांगा.”

“सोपं आहे. पाठीवरून कात्रीनं उभं कापा. आत काळा दोरा असतो, तो काढून टाका. तव्यावर लोणी, लसूण. पाच मिनिटं. मांस पांढरं झालं की गॅस बंद. त्याच्यापुढे ठेवलीत तर चपलेचा तळ खाल. खाणार कोण पण?”

“म्हणजे?”

“तुम्ही मासे खात नाही ना?”

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“काकूंनीच की. आल्या की पहिला प्रश्न, रंगराव, बिनकाट्याचं काय आलंय? आमच्या ह्यांना काट्याची भीती. एकदा कोळंबी नेली होती, तर तुम्ही तिला किडा म्हणालात म्हणे.”

म्हणालो होतो. पण हे दुकानदाराला सांगायचं काय कारण?

“मग शेवंड मीच सुचवली,” रंगराव म्हणाला. “म्हटलं, काकू, महाग आहे, पण काट्याचं नाव नाही. म्हणाल्या, असू दे. एक रविवार तरी दोन भाज्या कराव्या लागणार नाहीत.”

मी फोन ठेवला. आणि मला राग आला. रंगरावाचा नाही. तिचा. सगळ्या वारज्याला माझ्या घशाची माहिती, आणि माझ्यासाठी काय आणलंय ते मला नाही. ‘अहो, तुमच्यासाठी एक वस्तू आणली आहे,’ एवढं बोलायला किती वेळ लागतो? त्याच आठवड्यात तिने मला गॅसचं बटण नीट बंद करत नाही म्हणून तीनदा ऐकवलं होतं. त्याला वेळ होता.

स्वयंपाकघरातली कात्री कवचाला लागेना. माळ्यावरून माझी पत्रा कापायची कात्री काढली, साबणाने घासली, गरम पाण्यातून काढली. तिने कापलं. पहिल्या शेपटीचं कवच उडून सिंकमध्ये पडलं आणि माझ्या अंगठ्यातून रक्त आलं. दुसरीपासून जमलं. काळा दोरा निघाला. आतलं मांस पांढरट, स्वच्छ होतं, वासही चांगला होता. चार तुकडे ताटलीत मांडले, हळद-मीठ लावलं, आणि बेल वाजली.

सुशीलाअक्कांनी दारातच नाक वर केलं.

“भाऊजी, कशाचा वास येऊन राह्यला?”

अक्कांचा जन्म येरवड्यात गेला, पण चिडल्या की तोंडातून माहेरचं वाशीम येतं.

“आधी पाणी घ्या.”

“पाणी राहू द्या. वास कशाचा?”

त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या. ताटलीकडे पाहिलं, माझ्या अंगठ्याला बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं, पत्र्याच्या कात्रीकडे पाहिलं.

“वर्ष नाही झालं अजून.”

“माहीत आहे. फ्रिज बंद पडला.”

“फ्रिज बंद पडला म्हणून रीत बंद पडते का? दोन आठवडे दम निघाला नाही? मी वर्षभर बोंबलाचा वाससुद्धा घेतला नाही.”

“मीही नाही घेतला.”

“तुमचं काय कौतुक? तुम्ही कधी घेत होता?”

मी म्हणालो, “हे प्रेमलाने आणलंय. जायच्या आधी. आज शिजलं नाही तर टाकावं लागेल. टाकू का? तुम्ही सांगा. तुम्ही टाका म्हणालात तर तुमच्या हातानं टाका. मी टाकणार नाही.”

अक्कांनी ताटली उचलली. मला वाटलं, टाकतात आता. पण त्या तशाच उभ्या राहिल्या.

“आहे काय हे?”

“शेवंड. समुद्रातली. बिनकाट्याची असते.”

“प्रेमलाला काट्याचं काय? काटे चोखून खायची ती. लहानपणी माझ्या ताटातले पण खायची.”

“तिच्यासाठी नव्हती.”

मग मी त्यांना रंगरावाचं बोलणं सांगितलं. दोन भाज्यांचं पण सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला, कारण मी अजून चिडलेलोच होतो. “मला एका शब्दानं बोलली नाही हो! पॅकेट मटारखाली! असं कोणी करतं का?”

“मला पण नाही बोलली,” अक्का म्हणाल्या. त्याही चिडल्या होत्या. “रोज संध्याकाळी फोन व्हायचा आमचा. वांग्याचा भाव सांगायची. हे नाही सांगितलं.”

त्यांनी ताटली खाली ठेवली. खुर्ची ओढून बसल्या. मी पाणी दिलं ते प्यायल्या. मग पदर खोचला.

“आवड तिची सोडायची असते,” त्या म्हणाल्या. “हे तर तुमच्यासाठी आणलेलं. हे तिच्या आवडीत धरता येत नाही. कुकर कुठे आहे?”

“कुकर कशाला? तो म्हणाला, तव्यावर पाच मिनिटं.”

“पाच मिनिटांत पापड भाजतो, भाऊजी. ही सागोती आहे. केवढं जाड मांस आहे बघा. पाच मिनिटांत हे शिजेल?”

मी बघितलं. मलाही ते पटलं. आमच्या भागात मांस म्हणजे बोकडाचं, आणि ते शिजत आलं की नाही हे शिट्टीवर ठरतं. शिवाय वर्षभर फ्रिजात पडलेली वस्तू, नीट शिजलेलीच बरी. रंगराव काय, मासे विकणारा माणूस. त्याला गिऱ्हाईक लवकर मोकळं करायचं असतं.

अक्कांनी सुकं खोबरं भाजलं, कांदा भाजला. मला लसूण सोलायला बसवलं आणि सोललेली पाकळी हातातून घेताना दर वेळी, “असं सोलतात का?” म्हणाल्या. काळा मसाला त्यांना डब्यात बरोबर सापडला. तुकडे रश्शात सोडले, झाकण लावलं. तीन शिट्ट्या झाल्या. अक्का म्हणाल्या, “आणखी एक होऊ द्या.” झाली.

भाकरी त्यांनीच केल्या. मी ताट घेतलं तर म्हणाल्या, “दोन घ्या.”

“तुम्ही खाणार? तुमचं वर्ष?”

“मीठ बघायला नको कोणी? तुम्हाला काय कळतं मासळीतलं?”

रस्सा उत्तम झाला होता. पहिला घास मी भाकरी-रश्शाचाच घेतला. मग तुकडा उचलला. घसा सवयीने आवळला. मी थोडा थांबलो. अक्का माझ्याकडे बघत होत्या, म्हणून तोंडात घातला.

लिफ्टच्या दाराला कडेने एक रबर लावतात, दार आपटू नये म्हणून. तो तुकडा तसा होता. दाताखाली दबायचा आणि परत वर यायचा. मी डावीकडे चावला, उजवीकडे चावला. तुटेना. पण चावत गेलो तशी आतून चव सुटायला लागली. गोडसर होती. ओल्या खोबऱ्यासारखी. काटा कुठेच नव्हता.

अक्कांनीही तुकडा तोंडात घातला. बराच वेळ त्यांचा जबडा हलत राहिला. त्यांना खालच्या दाढा नाहीत.

“रंगराव बरोबर होता,” मी म्हणालो.

“त्यानं तुम्हाला नीट बजावायला पाहिजे होतं.”

“बजावलं होतं.”

“मग तुम्ही मला बजावायला पाहिजे होतं.”

त्यांनी माझ्या ताटाकडे हात केला. “राहू द्या, भाऊजी. जबडा दुखेल. रस्सा खा नुसता. अन्नाला तोंड लावलं, झालं. टाकलं तरी आता चालेल.”

मी मान हलवली. दुसरा तुकडा घेतला. अक्का थोडा वेळ पाहत बसल्या. मग त्यांनी रस्सा वाढून घेतला, कुकरमधला शेवटचा तुकडा नखाने दोन भागांत करायचा प्रयत्न केला, तो होईना, तेव्हा तसाच आपल्या ताटात घेतला.

ओट्यावर फोन वाजायला लागला. अभिनवचा होता. पोट ठीक आहे का, हे विचारायचं असणार. वाजून बंद झाला. परत वाजला. अक्कांनी डोळ्यांनीच मला विचारलं आणि मी डोळ्यांनीच नको म्हणालो. दोघांच्याही तोंडात घास होता. आम्ही चावत राहिलो.